एस. टी.ने शिरूर-दौंडला जाताना

१ जून १९४८ रोजी सकाळी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्याकडे एक मोटार निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे आणि तिकीट अडीच रुपये. राज्य परिवहनाची ही पहिली गाडी. घोडनदीच्या काठचे शिरूर तिच्या वाटेवरच होते. तोपर्यंत अशा रस्त्यांवर खासगी 'सर्व्हिस मोटारी' धावत. मोटार भरेल तेव्हा सुटेल आणि मालक सांगेल ते भाडे, असा तो कारभार होता. ठरल्या वेळी सुटणारी, ठरलेले भाडे घेणारी आणि पैशाच्या बदल्यात तिकीट हातात देणारी गाडी ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

आज शिरूर आणि दौंड या दोन्ही ठिकाणी एस. टी.ची स्वतंत्र आगारे आहेत व ती पुणे विभागाच्या अखत्यारीत येतात. नगर रस्त्याने शिरूर सुमारे ७० कि. मी., तर सोलापूर रस्त्याने दौंड सुमारे ८० कि. मी. अंतर फार नाही. तरीही पुण्यातील माणूस सातबाऱ्याच्या कामासाठी, रांजणगावच्या गणपतीला किंवा कुरकुंभच्या कारखान्यात मुलाखतीला म्हणून निघाला, की पहिल्या फेरीत हमखास चुकतो. शहर बसच्या सवयी तो एस. टी.त घेऊन जातो. शहरात एक बस चुकली तर मागून दुसरी येते. फाट्यावर चुकलेली गाडी म्हणजे कधी कधी वाया गेलेला दिवस असतो.

दुसराही एक फरक आहे. गावाकडची फेरी तिकिटांवर टिकते. उत्पन्न घटत गेले की फेरी आधी अनियमित होते, मग बंद पडते. मोटारसायकल असलेल्यास त्याचे काही वाटत नाही. फटका बसतो तो चार-पाच कोस दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या म्हातारीला. पुढील सूचनांपैकी बऱ्याचशा वरवर शिष्टाचाराच्या दिसतील. पण त्यांच्यामागे हा हिशेब आहे.

कोणती गाडी, कोठून?

नगर रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांसाठी पुणेकर सवयीने शिवाजीनगर स्थानकाकडे वळतो. मेट्रोच्या कामामुळे हे स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीस हलविण्यात आले. नाव मात्र शिवाजीनगर असेच राहिले. बाहेरगावच्या पाहुण्यास पत्ता सांगताना 'वाकडेवाडी' हा शब्द विसरू नये. अनेक प्रवासी शहर बसने वाघोली गाठतात व तेथून एस. टी. पकडतात. त्यात वेळ वाचतो, परंतु गाडी तेथे येईतो भरलेली असते. बसून जायचे असेल तर स्थानकावरच चढावे.

आरक्षण करताना एक काळजी घ्यावी. महाराष्ट्रात तालुक्याची तीन शिरूर आहेत. बीड जिल्ह्यात शिरूर कासार, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि पुणे जिल्ह्यातील आपले शिरूर, ज्यास जुनी माणसे अजूनही 'घोडनदी' म्हणतात. संगणकावर वा मोबाइलवर यादीतले पहिले शिरूर निवडून मोकळे होऊ नये.

दौंडला जाणाऱ्याने आधी रेल्वेचे वेळापत्रक पाहावे, असे एस. टी.वरील लेखात लिहिणे विचित्र वाटेल; पण खरे ते सांगितले पाहिजे. दौंड हे रेल्वेने वाढविलेले गाव. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. पुणे-दौंड दरम्यान मार्च २०१७ पासून डेमू गाडीही सुरू झाली. पुणे-सोलापूर महामार्ग दौंड गावास स्पर्श करीत नाही. तो यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ असा जातो आणि दौंड त्याच्या उत्तरेस काही कि. मी. आत राहते. त्यामुळे सोलापूरच्या जलद गाडीत बसून 'एक दौंड द्या' म्हटले, की वाहक आपल्याकडे दयेने पाहतो. पाटस किंवा कुरकुंभ येथे उतरून पुढे दुसरे वाहन शोधावे लागेल, हे ध्यानात ठेवूनच अशा गाडीत बसावे. रेल्वेने जाणाऱ्यांनीही एक पाहून घ्यावे. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या काही गाड्या आता जंक्शनात न येता 'दौंड कॉर्ड लाइन' या वेगळ्या थांब्यावर थांबतात.

शिरूरबाबतही असाच प्रश्न असतो. शहराबाहेरून बाह्यवळण रस्ता गेलेला आहे. लांब पल्ल्याची गाडी स्थानकात येणार की बाहेरच्या बाहेर जाणार, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे. हातात जड बॅग आणि बरोबर वृद्ध आई असेल तर या एका प्रश्नाने बराच मनस्ताप टळतो.

गाडीच्या पाटीवरील मोठे नाव आपण वाचतो आणि त्याखालचा 'मार्गे' हा बारीक शब्द सोडून देतो. तोच अधिक महत्त्वाचा. साधी, जलद, निमआराम, शिवशाही असे गाड्यांचे प्रकार आहेत. भाडे व थांबे त्याप्रमाणे बदलतात. लहान गावी उतरणाऱ्याने साधी गाडीच धरावी. जलद गाडीत बसून मधल्या फाट्यावर थांबण्याचा आग्रह धरणे आणि नकार मिळताच आवाज चढविणे, हे रोज दिसणारे दृश्य आहे. त्यात चूक बहुधा प्रवाशाची असते.

चढताना

साध्या एस. टी.स प्रवाशांसाठी एकच दार असते. शहरात एका दाराने चढून दुसऱ्याने उतरण्याची सवय झालेल्यांनी हे लक्षात ठेवावे. उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावी. दाराशी गर्दी करून त्यांना आत कोंडले तर गाडीला तेवढाच उशीर होतो आणि तो पुढच्या प्रत्येक थांब्यावर वाढत जातो.

खिडकीतून रुमाल, टोपी किंवा पिशवी टाकून जागा धरण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. ती कोणत्याही नियमात बसत नाही. आरक्षित आसनावर तर तिचा काहीच अधिकार नाही. परंतु गावाकडे तिला एक मान आहे, आणि शहरी प्रवासी रुमाल उचलून बाजूला ठेवतो तेव्हा भांडण उभे राहते. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की एका माणसाचा एक रुमाल मान्य करावा. एका पिशवीच्या जोरावर तीन आसने अडविणाऱ्यास मात्र नम्रपणे हटकावे. लेकुरवाळी बाई, आजारी माणूस किंवा काठी टेकणारा वृद्ध उभा असेल तेथे कोणाचाच रुमाल चालू नये. जागा धरण्यासाठी लहान मुलास खिडकीतून आत ढकलणे हा तर निव्वळ अविचार होय.

फाट्यावर उभे राहण्याचेही एक तंत्र आहे. आपण ज्या दिशेने जाणार त्या बाजूस, थांब्याच्या पाटीजवळ, चालकास दुरून दिसेल असे उभे राहावे. चहाच्या टपरीच्या सावलीत बसायचे आणि गाडी दिसताच धावत रस्ता ओलांडायचा, हा प्रकार नगर रस्त्यासारख्या भरधाव रस्त्यावर जिवावर बेतू शकतो. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही महामंडळाचीच योजना होती. पण हात वेळेवर आणि ठळक दाखवावा लागतो. भरलेली गाडी ऐन वेळी थांबविणे चालकास शक्य नसते. अंधार पडल्यावर मोबाइलचा उजेड आपल्या अंगावर पाडावा, चालकाच्या डोळ्यांवर नव्हे.

वाहक, सुटे पैसे आणि तिकीट

वाहकाशी बोलताना 'ओ कंडक्टर' अशी आरोळी मारू नये. 'मास्तर', 'दादा' आणि महिला वाहक असल्यास 'ताई' असे संबोधन या भागात सहज चालते व त्याने काम लवकर होते. सहप्रवाशांनाही 'मावशी, जरा सरकता का?' असे म्हटले की जागा होते. इंग्रजीत क्षमा मागितली तर लोक नुसतेच पाहत राहतात.

चढल्यावर वाहक येण्याची वाट पाहत असतानाच पैसे हाती काढून ठेवावेत. एस. टी.चे भाडे टप्प्यांनी मोजले जाते आणि एक टप्पा ६ कि. मी.चा असतो. जानेवारी २०२५ मधील १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर एक-एक रुपयाच्या सुट्या नाण्यांवरून गाड्यांत खूप वाद झाले. आता वाहकाकडील यंत्रावर यूपीआयनेही पैसे देता येतात. तो मार्ग दोघांच्याही सोयीचा. तथापि नदीकाठच्या गावांत मोबाइलचे जाळे दगा देते, म्हणून थोडी रोकड जवळ असावीच. सकाळच्या पहिल्या गाडीत पाचशेची नोट पुढे करणे ही वाहकाची परीक्षा पाहणे आहे. दिवसाच्या हिशेबात तूट आली तर ती त्यालाच भरावी लागते. सुटे नसतील तेव्हा तो उरलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहून देतो. उतरण्यापूर्वी ती मागून घेणे हे आपले काम. नंतर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता तिकिटाविषयी. काही प्रवासी 'इथेच तर उतरायचंय' म्हणून तिकिटाऐवजी थोडे कमी पैसे वाहकाच्या हातावर ठेवतात. काही ठिकाणी पैसे घेतले जातात आणि तिकीट दिले जात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७८ नुसार विनातिकीट प्रवास करणारा जसा दंडास पात्र ठरतो, तसाच पैसे घेऊन तिकीट न देणारा वाहकही. पण दंडापेक्षा मोठा मुद्दा वेगळा आहे. न फाडलेल्या तिकिटाची नोंद कोठेच होत नाही. आगाराच्या कागदावर ती फेरी रिकामी दिसते. सहा महिने रिकामी दिसलेली फेरी कोण चालू ठेवील? ज्या गावातून वीस माणसे रोज बसतात त्या गावचे उत्पन्न पाच माणसांचे दिसते आणि पुढे ग्रामसभेत गाडी बंद झाल्याबद्दल ठराव होतो.

म्हणून मोफत प्रवास असला तरी तिकीट घ्यावे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एस. टी.त मोफत प्रवास आहे. त्यांना शून्य रकमेचे तिकीट मिळते. 'फुकट आहे तर कागद कशाला?' असे अनेक आजोबा म्हणतात. सवलतीपोटीची रक्कम राज्य शासन महामंडळास देते आणि तिचा आधार हीच तिकिटे असतात. आजोबांचा तो कागद गावच्या गाडीच्या खात्यावर जमा होतो.

सवलतींचे थोडक्यात

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी.च्या सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मे भाडे आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना साध्या गाडीत अर्धे तिकीट, पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे. एका वेळी एकच सवलत मिळते. दहा वर्षांच्या मुलीस अर्ध्याचे पुन्हा अर्धे होत नाही. ज्येष्ठांनी जन्मतारीख असलेले ओळखपत्र खिशात वरच ठेवावे, पेटीच्या तळाशी नव्हे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो शहराच्या वेशीवर. शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे या बाजूस पीएमपीच्या बसगाड्याही येतात. एकाच थांब्यावर दोन्ही गाड्या उभ्या राहत असल्याने लोक त्यांना एकच समजतात. पीएमपीएमएल ही कंपनी २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र करून स्थापन झाली, एस. टी. महामंडळाशी तिचा संबंध नाही. एस. टी.तील महिलांचे अर्धे तिकीट किंवा ज्येष्ठांचा मोफत प्रवास तेथे लागू नाही आणि तेथील पास एस. टी.त चालत नाही. त्यावरून पीएमपीच्या वाहकाशी वाद घालणे व्यर्थ आहे.

शिरूर ते दौंड

नकाशात हे दोन तालुके शेजारी आहेत. मध्ये भीमा आहे. उत्तरेस घोड, दक्षिणेस भीमा असा शिरूरचा पसारा आणि भीमेच्या पलीकडे दौंड. सर्वांत ओळखीची वाट न्हावऱ्याहून भीमेचा पूल ओलांडून पारगाव, केडगाव, चौफुला अशी जाते. चौफुल्यास सोलापूर रस्ता मिळतो आणि तेथून दौंडकडे वळता येते. थेट गाडी मिळाली नाही तर चौफुल्यापर्यंत येऊन गाडी बदलणे हाच सोपा उपाय. मात्र थेट गाड्यांच्या वेळा आणि विशेषतः शेवटची परतीची गाडी यांची चौकशी सकाळी उतरल्या उतरल्याच स्थानकावरील वाहतूक नियंत्रकाकडे करावी. संध्याकाळी चौकशी केली तर 'ती तर गेली' हेच उत्तर मिळते.

उसाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, या रस्त्यांवर दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर असतात. गाडी अर्धा तास उशिरा येईल असे गृहीत धरावे आणि दौंडहून रेल्वे पकडायची असेल तर एक फेरी आधीची घ्यावी. दौंड गावातील रेल्वेखालची कुरकुंभ मोरी दीर्घकाळ कोंडीसाठी प्रसिद्ध आहे. स्टेशन समोर दिसत असताना गाडी सुटल्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

वर्षातून एकदा मात्र ही आडवाट राजमार्ग होते. १ जानेवारीस पेरणे फाटा येथील विजयस्तंभास अभिवादन करण्यासाठी लाखोंचा समुदाय येतो. त्या वेळी नगरकडे जाणारी वाहने सोलापूर रस्त्याने यवत, चौफुला, न्हावरे अशी शिरूरकडे वळविली जातात. ३१ डिसेंबर व १ जानेवारी या दोन दिवसांत शिरूरला निघणाऱ्याने वर्तमानपत्रातील वाहतूक बदल पाहिल्याशिवाय घर सोडू नये. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंड या मार्गाने जाते, तेव्हा सोलापूर रस्त्यावर हीच दक्षता घ्यावी. अंगारकीस रांजणगावला आणि दौंडहून भीमेपलीकडच्या सिद्धटेकला गर्दी असते, हे वेगळे सांगावयास नको.

मुक्कामी गाडी आणि शाळेची मुले

संध्याकाळी तालुक्याहून निघून आडगावी पोहोचणारी, रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी ती मुक्कामी गाडी. चालक-वाहक गाडीतच किंवा गावातील देवळात, ग्रामपंचायतीच्या खोलीत रात्र काढतात. शहरी पाहुण्यास ही गाडी मिळाली तर दोन गोष्टी पाळाव्यात. पहाटेच्या फेरीस गावकरी आपापल्या ठरल्या जागी बसतात. त्यांना जागेवरून अडवू नये. आणि गावात गाडी टिकविणाऱ्या या दोघांस कोणी पाणी, चहा विचारीत असेल तर तो उपकार समजू नये. ज्या गावात कर्मचाऱ्यांची धड सोय होत नाही, तेथील मुक्काम बंद होण्यास वेळ लागत नाही.

सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना गाडीत विद्यार्थ्यांची झुंबड असते. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो; इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. अलीकडच्या वर्षांत हे पास शाळेतच देण्याची व्यवस्था महामंडळाने केली आहे. 'पासवाली पोरं' म्हणून त्यांना मागे सारून तिकीटवाल्यांनी आधी चढायचे, ही रीत अनेक थांब्यांवर पडली आहे. ती बंद झाली पाहिजे. आपण पुढच्या गाडीने, वडापने, कोणाच्या दुचाकीवरही जाऊ शकतो. सातवीतल्या मुलीची गाडी चुकली तर तिचा त्या दिवसाचा वर्ग बुडतो, आणि असे वारंवार झाले तर घरची माणसे तिची शाळाच थांबवितात. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस. टी.चा संप चालला तेव्हा हे खेड्यापाड्यांत सर्वांनी पाहिले. संपानंतर सर्व फेऱ्या पूर्ववत झाल्या नाहीत, आणि त्या काळात वडापची सवय लागलेले सर्व प्रवासीही परतले नाहीत. गाडी आणि वडाप एकाच वेळी समोर असतील तर गाडीत चढावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

स्थानकावरील सावधगिरी

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकात पहाटे गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणीस 'तुमची गाडी तिकडे लागली आहे' असे सांगून उभ्या असलेल्या अंधाऱ्या गाडीत नेण्यात आले आणि तेथे तिच्यावर अत्याचार झाला. एस. टी.च्या स्थानकावर अनोळखी माणसास गाडी विचारणे ही आपली नित्याची सवय. ती सोडावी असे नाही, पण खात्री चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातील कर्मचाऱ्याकडे करावी. दिवे नसलेल्या, चालक-वाहक जवळ नसलेल्या गाडीत कोणीही, विशेषतः एकट्या प्रवाशाने, चढू नये. गाडी फलाटावर लागल्याशिवाय ती सुटणारी गाडी नव्हे. आणि अशा वेळी कोणी मुलगी गोंधळलेली दिसली, तर तिला बोट दाखवून दिशा सांगण्यापेक्षा नियंत्रकाच्या खोलीपर्यंत सोबत करावी.

गाडीत असताना

मोबाइलवरील गाणी व चित्रफिती आपल्यापुरत्या ठेवाव्यात. खिडकीतून थुंकणाऱ्याच्या मागच्या खिडकीत बसलेल्या प्रवाशाची स्थिती वर्णन करण्याची गरज नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या भागात बसावे, पोट रिकामे किंवा तुडुंब ठेवू नये आणि पिशवी जवळ बाळगावी. सामान वाटेत ठेवू नये. ठरावीक वजनापुढे त्याचे वेगळे तिकीट पडते. चालकाशी गप्पा मारू नयेत. जुन्या गाडीत तीन जणांच्या बाकावर तिसरा टेकलेला असेल तर त्याला पुरते बसू द्यावे. पैसे त्यानेही तेवढेच दिलेले असतात.

गाडी वाटेत बंद पडली तर तिकीट टाकून देऊ नये. त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या गाडीत बसवून देणे हे वाहकाचे काम असते. तो दहा-बारा जणांना एकेका गाडीत बसवितो. लहान मुले व वृद्ध आधी, असे प्रवाशांनीच ठरविले तर त्याचे काम हलके होते.

उतरताना घंटीची दोरी स्वतः ओढू नये. एक टोला थांबण्याचा आणि दोन टोले निघण्याचे. घाईत दोनदा ओढली गेली तर चालक गाडी पुढे काढील आणि पायरीवरचा माणूस पडेल. एक थांबा आधी वाहकास सांगावे, सामान घेऊन दाराजवळ यावे, गाडी पूर्ण थांबल्यावर डावीकडून मागे पाहून उतरावे. फाट्यावर थांबलेल्या एस. टी.च्या डाव्या बाजूनेही मोटारसायकली सुसाट जातात. उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू नये. ती निघून जाईपर्यंत कडेला थांबावे.